भात खाचर: युरिया, ब्रिकेट की ताजं शेण?

तांबडी_माती: पाच गुंठ्यांचं खाचर, कोकणातली तांबडी जमीन. लावणीनंतर युरिया फेकला की पाण्यावर हिरवा तवंग धरतो आणि भात थोड्याच दिवसांत पुन्हा पिवळा पडतो. शेवाळ हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरतं म्हणतात, मग पिवळा का? यंदा युरिया बंद करून लावणीआधी ताजं शेण टाकू का?

चिखलणी: नत्र धरतं ते निळं-हिरवं शेवाळ, तेही पाण्यात अमोनियम (पिकाला लागू पडणारं नत्राचं एक रूप) कमी असेल तेव्हाच. आयतं नत्र मिळालं की ते काम थांबवतं आणि साधं शेवाळ फोफावतं. हे शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, दुपारी पाण्याचा सामू (pH) 9 च्या वर जातो आणि तुमचा युरिया अमोनिया होऊन उडतो.

चारसूत्री: म्हणून खत पाण्यात नको, चिखलात हवं. युरिया-डीएपी ब्रिकेट (युरिया आणि नत्र-स्फुरदाचं डीएपी खत दाबून केलेली 2.7 ग्रॅमची गोळी) लावणीच्याच दिवशी 15×15 सेंमीवरच्या चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) चौकडीत मधोमध 7 ते 10 सेंमी खोल खोचा. पुढच्या चौकडीपर्यंत 25 सेंमी सोडायचे. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे पाच गुंठ्यांना साधारण साडेआठ किलो. खाली ऑक्सिजन नसल्याने अमोनियमचं नायट्रेट होत नाही, वरचं पाणी स्वच्छ राहतं, शेवाळाचं कामही चालू. वरवर खोचलेली गोळी म्हणजे फेकलेलाच युरिया.

गिरिपुष्प: ताजं शेण नकोच. पाण्याखाली कुजताना सेंद्रिय आम्लं आणि मिथेन तयार होतात, रोपं खुंटतात. कुजलेलं शेणखत चालेल. नाहीतर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाच्या हिरव्या फांद्या गुंठ्याला 30 किलो, चिखलणीच्या आठवडाभर आधी पसरा, पाला गळला की काटक्या वेचून चिखलणी करा.

तांबडी_माती: ब्रिकेट नाही मिळाल्या तर?

चिखलणी: युरिया तीन हप्त्यांत: 40 टक्के लावणीला, 40 फुटव्यांना, 20 लोंबी धरताना. प्रत्येक वेळी पाणी काढा, खत चिखलात कालवा, दुसऱ्या दिवशी पाणी भरा. बांधाची भोकं आधी बुजवा. आणि 15:15:15 (नत्र, स्फुरद, पालाश यांचं मिश्रखत) घेताना पोत्यावर नायट्रेट नत्र किती ते वाचा. तुंबलेल्या खाचरात तेवढं जिवाणू वायू करून टाकतात.