सेंट्रल सल्कस सापडत नाहीये, सोमवारी स्पॉटर्स. मदत हवी आहे

फाटकी_छत्री (शनि., रात्री १०:१२)
लवकर सांगा प्लीज. सोमवारी इंटर्नल आहे, त्यात ब्रेनचे स्पॉटर्स, म्हणजे खूण केलेला भाग ओळखायचा. पुस्तकात सेंट्रल सल्कस, म्हणजे मेंदूवरची मधली भेग, लाल रेघेने दाखवलेला असतो, ट्रेमधल्या ब्रेनवर सगळ्या भेगा सारख्याच. आज शेवटचं प्रॅक्टिकल होतं. मी पिन टोचली, तर मॅडम "भलतीकडेच गेलीस" म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. कुठे चुकलं ते सांगितलंच नाही. आकृत्या पाठवू नका, त्या मला पाठ आहेत. ओळखायचा कसा तेवढं सांगा.

जुना_ठाणेकर (१०:३१)
कसली परीक्षा? एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओ? अख्खा मेंदू होता की अर्धा? बाहेरची बाजू की आतली? फोटो टाक.

फाटकी_छत्री (१०:३४)
फिजिओ, फर्स्ट इयर. अर्धा, बाहेरची बाजू. फोटो कुठून आणू, डीएचमध्ये (डिसेक्शन हॉलमध्ये) मोबाईल नेऊ देत नाहीत. याहून जास्त काय सांगायचं?

अळूवडी (१०:४०)
उद्या रविवार. सकाळी मटणवाल्याकडे जा आणि अख्खा भेजा माग, तुकडे करू नको म्हणावं. घरी ताटात ठेवून निवांत बघ. नंतर आलं-लसूण लावून तव्यावर. एका दगडात दोन पक्षी.

निवृत्त_मास्तर (१०:५२)
अळूवडी, बोकडाचा मेंदू जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, माणसाचा तेराशे-चौदाशेचा. भेगांची ठेवणही वेगळी आणि टेम्पोरल लोब, म्हणजे कानाजवळचा भाग, माणसासारखा पुढे आलेला नसतो. तो बघून पोरगी आणखी गोंधळेल.

छत्री, तीस वर्षं मुलांना हेच दाखवलंय, नीट वाच. बाजूने बघितलं की सगळ्यात खोल आणि ठसठशीत आडवी भेग ती लॅटरल सल्कस. तिच्याखाली टेम्पोरल लोब. आता वरच्या कडेवर ये. पुढचं टोक आणि मागचं टोक यांच्या मध्यावर बोट ठेव आणि तिथून साधारण एक सेंटिमीटर मागे सरक. तिथे एक भेग कड ओलांडून आतल्या बाजूला जरा डोकावते. तीच. ती खाली आणि पुढे उतरत जाते, लॅटरल सल्कसच्या अगदी जवळ येते, पण बहुधा त्याला मिळत नाही. दोन्ही अंगांना दोन समांतर वळ्या: पुढची प्रीसेंट्रल, म्हणजे हालचालीची, मागची पोस्टसेंट्रल, म्हणजे स्पर्शाची. शेजारच्या भेगा बऱ्याचदा तुटक असतात, ही सलग जाते.

आणि पातळ आवरण ओढून काढलं होतं का? अरॅक्नॉइड आणि शिरा तशाच असतील तर निम्म्या भेगा झाकलेल्याच राहतात.

फाटकी_छत्री (१०:५८)
आवरण काढलेलंच होतं. आणि सर, मी हेच केलं!! मध्य काढला, एक सेंटिमीटर मागे गेले, पिन टोचली.

स्लाइसवाला_वाशी (११:०३)
मोजमाप कशाला? मी सीटी-एमआरआयवर काम करतो. वरच्या स्लाइसमध्ये प्रीसेंट्रल गायरसवर उलट्या ओमेगासारखा फुगवटा दिसतो, तो हाताच्या हालचालीचा भाग. त्याला लागून मागे जी भेग, ती सेंट्रल. दोन सेकंदांचं काम.

निवृत्त_मास्तर (११:०७)
तिच्यापुढे ट्रे आहे, स्क्रीन नाही.

स्लाइसवाला_वाशी (११:०९)
सर, पेशंटच्या डोक्यात कोणी पिना टोचत नाही. पुढे नोकरीत स्क्रीनच बघायची आहे.

निवृत्त_मास्तर (११:१०)
आधी पास तर होऊ दे तिला.

मायबोलीचा_पाईक (११:१५)
सल्कस, गायरस काय लावलंय? भेग आणि वळी म्हणा. शाळेच्या पुस्तकात प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ असे सुंदर शब्द आहेत.

फाटकी_छत्री (११:१६)
काका, पेपर इंग्रजीत असतो.

घोडबंदर_ट्रॅफिक (११:२०)
सर, माझं डोकं डावीकडे, कानाच्या वर दुखतं. तिथे टेम्पोरल लोब असतो ना? तोच दुखत असेल का?

निवृत्त_मास्तर (११:२४)
मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतात ती आवरणं, रक्तवाहिन्या, स्नायू. डॉक्टरांना दाखवा, इथे विचारू नका.

जुना_ठाणेकर (११:२९)
या भेगेला रोलँडोची भेगही म्हणतात, रोलँडो इटालियन शरीरशास्त्रज्ञ. पण हे नाव दिलं ल्यूरे नावाच्या फ्रेंच माणसाने, १८३९ मध्ये. ठाण्यातल्या रस्त्यांसारखंच, नाव कोणाचं आणि दिलं कोणी.

फाटकी_छत्री (११:३३)
मला इतिहास नकोय 😭 सर, एक गोष्ट. माझी भेग सलग होती, पण खाली उतरताना मागे जात होती. पुढे नाही.

निवृत्त_मास्तर (११:३५)
मागे? थांब जरा. पुढचं टोक कुठलं हे तू कसं ठरवलंस?

फाटकी_छत्री (११:३६)
डावीकडचं. पुस्तकात डावीकडेच असतं.

निवृत्त_मास्तर (११:३७)
आणि लहान मेंदू कुठल्या बाजूला होता?

फाटकी_छत्री (११:३८)
नव्हता. सेरेबेलम आणि ब्रेनस्टेम कापून दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवलाय.

जुना_ठाणेकर (११:३९)
अगं बाई, हे आत्ता सांगतेस? दीड तास झाला.

निवृत्त_मास्तर (११:४६)
पुस्तकात बहुतेक डावा अर्धगोल छापतात, म्हणून पुढचं टोक डावीकडे येतं. तुझ्या ट्रेमध्ये उजवा असणार. तू कपाळाला पाठ समजलीस आणि मध्यावरून "मागे" म्हणून पुढे सरकलीस. पिन प्रीसेंट्रल सल्कसच्या आसपास गेली असणार.

ट्रे समोर आला की आधी टेम्पोरल लोब बघ. बॉक्सिंगच्या हातमोज्याचा अंगठा असतो ना, तसा तो. अंगठ्याचं टोक जिकडे तिकडे पुढचं. शंका राहिली तर उलटा करून बघ: डोळ्यांच्या खोबणीवर टेकणारा फ्रंटल, म्हणजे पुढच्या लोबचा तळ किंचित खोलगट असतो आणि घ्राणाची बारीक पांढरी दोरी तुटली नसेल तर तिथेच चिकटलेली दिसते. आतल्या बाजूने बघितलंस तर मागच्या भागात पॅरायटो-ऑक्सिपिटल आणि कॅल्करिन सल्कस, या दोन भेगा, आडव्या पडलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या मिळतात.

फाटकी_छत्री (११:५५)
अंगठा उजवीकडेच होता. आत्ता डोळे मिटून आठवलं. म्हणजे महिनाभर मी ज्याला ऑक्सिपिटल, म्हणजे मागचा लोब, म्हणत होते तो फ्रंटल होता. थँक यू सर. वाशीवाले दादा, तुमचा ओमेगा नोकरी लागल्यावर बघते.

अळूवडी (रवि., सकाळी ९:२०)
मग भेजा आणायचा की नाही?

फाटकी_छत्री (सोम., दुपारी ३:४०)
नेरूळहून ठाण्याच्या गाडीत उभ्याने लिहितेय. ब्रेनचे दोन स्पॉटर्स आले. एक कॉर्पस कॅलोसम, म्हणजे दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा, दुसरा सेरेबेलम. सेंट्रल सल्कस आलाच नाही.

निवृत्त_मास्तर (३:५२)
व्हायवा, तोंडी परीक्षा, कधी आहे?

फाटकी_छत्री (३:५३)
गुरुवारी.