मदत हवी आहे: कोवर्किंगसाठी पौड रोड की बाणेर?

पुण्यात साधारण ३० खुर्च्यांचं कोवर्किंग, म्हणजे खुर्चीनिशी भाड्याने द्यायचं सामायिक ऑफिस, सुरू करायचं आहे. दोन जागा पाहिल्यात. एक पौड रोडला, आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत चार मिनिटं, जुनी इमारत, दुसरा मजला. बिल्टअप (भिंती धरून) १८०० चौ. फूट, कार्पेट (आतली वापरायची जागा) १३५०, भाडं फुटाला ६० रुपये. दुसरी बाणेरला हायवेजवळ, नवी इमारत. सेलेबल (जिना, लिफ्ट वगैरेचा वाटा धरून) १९००, कार्पेट ११४०, भाडं ८० रुपये, मेंटेनन्स वेगळा. बाणेरला आयटीवाले जास्त, म्हणून मन तिकडे ओढतंय. काय बघून ठरवू?

चौरसफूट:
आधी भाडं कार्पेटवर आणा. पौड रोडचे १,०८,००० भागिले १३५०, म्हणजे ८० रुपये. बाणेरचे १,५२,००० भागिले ११४०, म्हणजे १३३, आणि मेंटेनन्स बाकीच. मीटिंग रूम, पँट्री, फोन बूथ, मधली वाट धरून माणशी ४५ चौ. फूट कार्पेट धरा. पौड रोडला ३० खुर्च्या बसतात, बाणेरला २५. साठ टक्केच भरल्या असं धरलं तर नुसतं भाडंच माणशी ६,००० आणि १०,१३३ पडतं. वीज, नेट, सफाई त्यावर.

गिऱ्हाईकही वेगळं. पौड रोडला जवळपास राहणारे, एकेकटे, आठवड्यातले दोन-तीन दिवस येणारे मिळतील. बाणेरला टीम मागतात, त्यांना बंद केबिन लागते. २५ पैकी दहा जणांची टीम उठून गेली की महिन्याचं गणितच मोडतं. माझं मत पौड रोडला, पण कागद आणि वीज पाहूनच.

फेज_न्यूट्रल:
मालकाकडून विजेचं बिल मागा आणि मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे, ते वाचा. १३५० फुटांना साधारण ११ टन एसी, म्हणजे १२-१३ किलोवॅट. लॅपटॉप-मॉनिटर ३, दिवे, फ्रिज, मायक्रोवेव्ह, यूपीएस मिळून आणखी ४. बेरीज २० च्या काठावर जाते. महावितरणच्या व्यापारी दरात २० किलोवॅटनंतर पुढचा टप्पा लागतो, म्हणून इन्व्हर्टर एसी घेऊन २० च्या आतच राहा. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा लॅपटॉप, दिवे, राउटर चालतील एवढा बॅटरी बॅकअप हवाच. नेटच्या दोन लाइन घ्या, पण त्या वेगवेगळ्या मार्गाने इमारतीत येतात ना, हे डोळ्यांनी बघा. एकाच खांबावरून आल्या तर दोन्ही एकदम तुटतात.

दस्तऐवज:
भोगवटा प्रमाणपत्रात ती जागा ऑफिस किंवा व्यापारी म्हणून आहे का बघा. जुन्या इमारतींत बऱ्याचदा फ्लॅटचंच ऑफिस केलेलं असतं. लिव्ह अँड लायसन्स करारात दोन वाक्यं हवीतच: जागा इतरांना वापरायला देता येईल, आणि सभासदांना त्या पत्त्यावर जीएसटी नोंदणी करता येईल. दुसऱ्या वाक्याला मालक हमखास नाही म्हणतात, म्हणून टोकन देण्याआधीच विचारा. मालकाची जीएसटी नोंदणी नसली आणि तुमची असली, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी थेट सरकारकडे, तुम्हाला भरावा लागतो. फर्निचर होईपर्यंत ४५ दिवस भाडेमाफी मागा.

प्रश्नकर्ती:
धन्यवाद! पौड रोडच्या बिलावर १० किलोवॅट आहे. पार्किंग दोनच गाड्यांचं. मालक म्हणतात, रिकाम्या खुर्च्यांवर अभ्यासिका चालवा.

फेज_न्यूट्रल:
वाढीव भाराचा अर्ज मालकाच्याच नावाने जातो. भार मंजूर झाल्यावरच भाडं सुरू, असं करारात घाला. मीटरपासून वरपर्यंतची केबल बदलावी लागेल, तो खर्च कोणाचा हेही लिहा.

चौरसफूट:
चारचाकी सोडा, ३० जणांमागे १५-१८ दुचाकी येतील. मंगळवारी सकाळी साडेदहाला जाऊन त्या कुठे लागतील ते मोजा आणि सोसायटीकडून लेखी घ्या. अभ्यासिका त्याच हॉलमध्ये नको, ताई. तिथे शांतता लागते, इथे दिवसभर कॉल चालतात. शिवाय अभ्यासिकेच्या दरात तुमचं सहा हजारांचं भाडं निघणार नाही.