तोंड आलंय, लवकर उपाय सांगा

अबोली: गणेश चवथीच्या आधीपासून तोंड आलंय. मीठपाण्याच्या गुळण्या चालू आहेत, बोरोग्लिसरीन लावून झालं, फार्मसीतून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही संपल्या. हुमण, म्हणजे माशांची आमटी, सोडाच, गरम पेजसुद्धा झोंबते. घरगुती असो की औषध, लवकर गुण येईल असं सांगा.

साखळीकर: कोणाला? वय काय? एकच व्रण आहे की बरेच? ओठाच्या आत, गालाला की जिभेवर? ताप?

तीरफळ: टूथपेस्ट बदला. मला सारखे फोड यायचे. सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट घेतल्यापासून क्वचितच येतात. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

डिचोलीची वैनी: उष्णता वाढलीय गो. जाईची कोवळी पानं चावून लाळ थुंकायची, आणि सोलकढी प्यायची.

तीरफळ: वैनी, उघड्या जखमेवर कोकमाचं आंबट? डोळ्यांतून पाणी येईल. पानांचं ठीक आहे, सोलकढी नको.

डिचोलीची वैनी: आमच्याकडे सगळ्यांना सोलकढीनेच बरं वाटलंय.

रानवाट: ओले काजूगर सोलले होते का? सालीतलं तेल लागलं की तोंड भाजून निघतं.

तीरफळ: चवथीला कुठले ओले काजू?

म्हापशेकर: ओठावर बाहेरून पाण्याने भरलेले बारीक फोड असतील तर तो हर्पीस. असायक्लोव्हिर मलम पहिल्या दिवसापासूनच लावायचं.

साखळीकर: ओठाबाहेरचं कोणी विचारलंय? तोंडातले साधे फोड 10 ते 14 दिवसांत आपोआप भरतात. परत परत येत असतील तर बी-12, लोह, फॉलिक ॲसिड रक्तातून तपासून घ्यावं. पण चवथ होऊन महिना उलटला. अबोली, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या.

अबोली: मला नाही, बाबांना झालंय. वय 66. एकच आहे, जिभेच्या उजव्या कडेला, तुटक्या दाढेला लागून. ताप नाही. गरम-तिखट लागलं तरच झोंबतं, एरवी दुखत नाही म्हणतात. कडा जाड झाल्यात, बोटाला कडक लागतं. आता लावायला काय देऊ?

साखळीकर: तंबाखू?

अबोली: जेवणानंतर पानात घालून. पूर्वीपासून खातात.

साखळीकर: मग लावायला काहीच देऊ नका, बाय. 3 आठवड्यांवर टिकलेला एकच व्रण, कडक कडा आणि तंबाखू, हे डॉक्टरांनी बघायलाच हवं. बांबोळीच्या डेंटल कॉलेजात न्या, उद्याच.

तीरफळ: उगाच घाबरवता का? दाढ घासूनसुद्धा जखम होते.

साखळीकर: होते ना. तसं असेल तर दाढेची धार काढली की दोनेक आठवड्यांत भरून येईल. नाही भरली तर बारीक तुकडा काढून तपासतात. कॅन्सर निघालाच तर तो लवकर सापडणं फार मोलाचं असतं. जेल लावून दुखणं दाबलं की नेमका तोच वेळ वाया जातो.

डिचोलीची वैनी: हे मात्र खरं. आज रात्रीपासून पान बंद कर त्यांचं, अबोली. रागावले तर रागावू देत.

अबोली: उद्या सकाळीच घेऊन जाते. सरकारी आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड लागेल का?

साखळीकर: जवळ ठेवा. त्यापेक्षा चालू गोळ्यांची चिठ्ठी विसरू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तुकडा काढण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं. ती आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

अबोली: हो, एक घेतात हृदयासाठी. नाव बघून लिहून ठेवते.