सल्ला हवा: डेटा वेअरहाऊसमधला विक्री रिपोर्ट बिलिंगशी जुळत नाही

आकडेमोड: सुपरमार्केटच्या साखळीत काम करतो. बिलिंगचा डेटा रोज रात्री ईटीएलने (डेटा काढून, साफ करून भरणारी प्रक्रिया) डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे रिपोर्टसाठीच्या डेटाबेसमध्ये येतो, रिपोर्ट पॉवर बीआय या टूलवर. सप्टेंबर 2025 ची विक्री बिलिंगपेक्षा बरीच जास्त दिसतेय. कहर म्हणजे ऑगस्टचा रिपोर्ट तेव्हा पैशापर्यंत जुळला होता, आता तोही फुगलाय. लोडमध्ये एकही एरर नाही. शोधायला सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी: टाइमझोन बघा. वेळ यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर पहाटे साडेपाचच्या आधीची बिलं आदल्या दिवसात जातात.

जुना_डीबीए: पहाटे सुपरमार्केटात कोण येतंय! आणि तारीख सरकली तर विक्री इकडची तिकडे होईल, फुगणार नाही. ऑगस्टकडे बघा. जुनी बिलं बदलत नाहीत, म्हणजे मास्टर (वस्तू वगैरेंच्या माहितीचं टेबल) बदललंय.

एक दुकान, एक दिवस घ्या. फॅक्ट टेबलच्या (विक्रीच्या नोंदींच्या) ओळी मोजा, मग एकेक जॉइन (दुसऱ्या टेबलशी जोडणी) लावत पुन्हा मोजत जा. संख्या जिथे वाढेल तिथे चोर. माझा संशय प्रॉडक्ट मास्टरवर. 22 सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आले. मास्टरमध्ये इतिहास ठेवत असाल (टाइप 2: बदल झाला की जुनी ओळ ठेवून नवी जोडायची), तर अशा वस्तूंच्या आता दोन-दोन ओळी असतील. नुसत्या प्रॉडक्ट कोडवर जॉइन असेल तर प्रत्येक विक्री दोनदा मोजली जाते, अगदी ऑगस्टचीसुद्धा. डाळ-तांदळाचा दर तोच राहिला, ते जुळतात का बघा.

क्वेरीकार: डिस्टिंक्ट (एकसारख्या ओळी एकदाच घेणारा शब्द) लावा, विषय संपला.

जुना_डीबीए: अजिबात नको. दर वेगळा असल्याने दोन्ही ओळी तशाच राहतील. दराचा कॉलम काढलात, तर एकाच बिलात दोनदा स्कॅन केलेला साबण एकदाच मोजला जाईल.

आकडेमोड: डाळ-तांदूळ तंतोतंत, साबण दुप्पट! बिलाची तारीख मास्टरच्या ओळीतल्या 'लागू पासून' आणि 'लागू पर्यंत' यांच्यात बसवून जॉइन केला. ऑगस्ट जुळला. सप्टेंबरात फक्त 22 तारीख अजून जास्त येतेय.

जुना_डीबीए: बिटवीन वापरलंत ना? ते दोन्ही टोकं धरतं. जुनी ओळ 22 ला संपते आणि नवी 22 लाच सुरू होते, म्हणून त्या दिवशी दोन्ही लागतात. 'पर्यंत'च्या बाजूला फक्त 'पेक्षा लहान' ठेवा. चालू ओळीत तुमचं 'पर्यंत' रिकामं नाही असं दिसतंय. असतं तर 22 नंतर या वस्तूंची विक्रीच गायब झाली असती. सवडीने सरोगेट की (मास्टरच्या प्रत्येक ओळीचा स्वतंत्र क्रमांक) लोडच्या वेळीच फॅक्टमध्ये भरा. आणि जॉइनआधीच्या-नंतरच्या ओळी जुळल्या नाहीत तर लोड थांबेल अशी तपासणी ईटीएलमध्ये आजच टाका.