मदत हवी आहे: बाजाराचं नूतनीकरण, बचतगटांचा पैसा आणि पाटीवाल्या बायका. पालिकेला हिशेब कसा विचारायचा?

अबोलीची_फाती:
उत्तर लवकर हवं आहे. पालिकेच्या येत्या बैठकीत बाजार नूतनीकरणाचा ठराव येतोय. नकाशात तळघर पार्किंग, वर दुकानं, सरकता जिना, सगळं आहे. पाटी घेऊन बसणाऱ्या बायका कुठेच नाहीत. तोंडी सांगतात, ‘पर्यायी जागा देऊ’. कोणती जागा, किती दिवसांसाठी, इमारत झाल्यावर परत कोण कुठे बसणार, एका ओळीचाही कागद नाही.

ह्याच पालिकेने ह्याच बायकांचे बचतगट काढले, मेळावे घेतले, कर्जाचे अर्ज भरून घेतले. त्यातून कोणाचं काय सुधारलं हे पालिका मंडळासमोर कधी आलंय का? मला हे दोन्ही प्रश्न एकत्र, बैठकीतच विचारले जायला हवेत. नगरसेवक ‘बघूया’ म्हणतात. नेमकं काय करायचं ते सांगा.

रापणकार:
कुठली पालिका? बैठक कोणत्या तारखेला? तुम्ही स्वतः विक्रेत्या आहात की गटाच्या पदाधिकारी की नुसत्या नागरिक? बांधकाम पालिका करणार, सुडा (राज्याची नगरविकास संस्था) करणार की पायाभूत सुविधा महामंडळ? ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

माहितीचा_हक्क१०:
माहिती अधिकाराचा अर्ज टाका, बाकी काही करू नका. दहा रुपये शुल्क. ठरावाची प्रत, इतिवृत्त, नकाशा, सल्लागाराचा अहवाल, सगळं मागा. नुसत्या प्रती नव्हे, फाइलची प्रत्यक्ष तपासणीही मागता येते, तो शब्द अर्जात हवाच. मी आमच्या प्रभागातल्या गटाराची फाइल अशीच उघडायला लावली होती.

रापणकार:
अहो, तीस दिवसांची मुदत असते. ह्यांची बैठक तोंडावर आलीय. ठराव मंजूर झाल्यावर प्रत घेऊन काय करतील?

माहितीचा_हक्क१०:
जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात म्हटलंय. मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांचाच तो खटला होता.

खाजनबांध:
त्याच निकालात शेवटी फुटपाथ रिकामे करायलाही परवानगी मिळाली, तेही सांगा. आणि माहिती अधिकारी तुमचा ४८ तासांचा मुद्दा मान्य करणार नाही, तुम्ही अपिलात जाल, तोवर बाजार पाडून झालेला असेल. अर्ज जरूर करा, पण बैठकीच्या भरवशावर नको.

सांतेरी:
ताई, तुमच्या गटातल्या बायकांनी गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचा लाभ घेतलाय का? महिन्याला दीड हजार मिळतात. साठ पूर्ण झालेल्यांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून आधी काढून ठेवा, माझ्या सासूबाईंचं तिथेच अडलं होतं.

अबोलीची_फाती:
सांतेरीताई, योजना माहीत आहेत, प्रश्न तो नाही. पालिकेचं नाव लिहिणार नाही, बायकांना तिथेच बसायचं आहे. उत्तर गोव्यातली समजा. बैठक पुढच्या आठवड्यात आहे. बांधकाम पालिका करणार नाही, निविदा सुडाकडून निघणार म्हणे. मी स्वतः नोकरी करते, आई फुलं विकते. तिच्या आधी आजी विकायची. आता सांगा.

खाजनबांध:
सर्वात महत्त्वाचं अजून राहिलंय. आई मार्केटच्या शेडमध्ये बसते की बाहेर? शेडमध्ये पालिकेने नेमून दिलेली जागा असेल तर भाडं, करार, बाजाराचे नियम, असा एक मामला. बाहेर रस्त्याकडेला असेल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा सरळ लागू. दोन्हींचे अर्ज वेगळे, दोन्हींची उत्तरं वेगळी.

अबोलीची_फाती:
पायऱ्यांवर.

खाजनबांध:
कुठल्या पायऱ्या? शेडच्या आतल्या की रस्त्याच्या बाजूच्या?

अबोलीची_फाती:
रस्त्याच्या बाजूच्या. खालच्या दोन पायऱ्या आणि पुढचा थोडा फुटपाथ. सकाळी पाच-सहा जणी एका ओळीत बसतात, अबोलीच्या फाती (गजरे), जाई, तुळस, केळीची पानं. चवथीच्या आधी माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान घेऊन सत्तरी तालुक्यातल्या बायका येतात, तेव्हा ती ओळ कोपऱ्यापर्यंत जाते. सोपोवाला (बाजारकर गोळा करणारा) रोज येऊन पावती फाडतो. पण पावतीवर नाव नसतं. छापील रक्कम, तारखेचा शिक्का, बस्स. आईने त्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात रबर लावून ठेवल्यात, पावसाळ्यातल्या काही एकमेकींना चिकटल्यात. त्यांचा काही उपयोग आहे का?

पसरकार_मुलगा:
माझं वेगळं मत आहे आणि ते स्पष्टच लिहितो. आमचा त्याच प्रकारच्या एका मार्केटमध्ये पसरा (दुकान) आहे, तीन पिढ्यांचा. आम्ही भाडं भरतो, व्यापार परवाना काढतो, कचरा शुल्क भरतो. पायऱ्यांवर पाट्या लागल्या की गिऱ्हाईक आत येतच नाही. स्लॅबचे गज दिसतात, पावसात आत छत्री उघडावी लागते. नवी इमारत हवी की नको? दर वेळी कोणीतरी ‘आधी आमचं बघा’ म्हणून काम अडवतो आणि आणखी दहा वर्षं तसंच राहतं.

कुळागर:
इमारत नको असं त्या कुठे म्हणाल्या? इमारतीत बायकांची जागा दाखवा, एवढंच म्हणणं आहे. सकाळी फुलं घ्यायला येणारं गिऱ्हाईकच मग तुमच्याकडे खोबरेल आणि अगरबत्ती घेतं. वरच्या मजल्यावर नेऊन बसवलेल्या पाटीवाल्या परत खाली रस्त्यावर येतात, हे तुम्हालाही माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावर कोण भाजी घ्यायला जाणार?

पसरकार_मुलगा:
तळमजल्यावर ओटे द्या, माझी हरकत नाही. पण नावांची यादी पक्की करून द्या. नाहीतर ओटा एकीच्या नावावर आणि बसतो तिसराच, भाडं चौथ्याच्या खिशात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि यादीत बाहेरचे किती, गोंयकार किती, तेही एकदा येऊ द्या.

कुळागर:
यादी पक्की करा ह्याला माझा पूर्ण पाठिंबा. गोंयकार आणि बाहेरचे हा वाद इथे आणू नका. कायदा बसणारीचं पोट बघतो, गाव बघत नाही. आणि गावाचंच काढलंत तर सत्तरीची बाई ह्या शहराची मतदार नाही, म्हणून नगरसेवकाला तिची पर्वा नाही. खरं दुखणं तिथे आहे.

मांडवीतीर:
पणजीत काय झालं ते बघा. स्मार्ट सिटीचं काम पालिकेकडे नव्हतंच, त्यासाठी वेगळी कंपनी, इमॅजिन पणजी. राज्य आणि महापालिका दोघांची भागीदारी. लोक नगरसेवकाला विचारायचे, तो म्हणायचा कंपनीला विचारा. धुळीने माणसं हैराण झाली, शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मिशन २०१५ ला सुरू झालं, मार्च २०२५ ला संपलं, पण पणजीतल्या सांतिनेजला राहणाऱ्याला अजून विचारा काय भोगलं ते. तुमच्याकडे निविदा सुडाकडून निघणार म्हणजे पालिका तुम्हाला तेच उत्तर देईल: ‘आमच्या हातात नाही’.

रापणकार:
पणजीचा विषय वेगळ्या धाग्यावर. पण मुद्दा बरोबर आहे. जागा पालिकेची असेल तर ना हरकतीचा ठराव पालिका मंडळच करतं. अटी घालायच्या त्या ह्याच ठरावात. एकदा ठराव गेला की पुढची प्रत्येक फाइल दुसऱ्याच्या टेबलावर.

शिरोड्याचा_पाव्हणा:
आमच्या पंचायतीत ग्रामसभेत सरळ उभं राहून विचारतो, सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. तुम्ही पण तसंच करा की.

खाजनबांध:
पालिकेत ग्रामसभा नसते, पाव्हण्यानू. घटनेने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्यात त्या तीन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांना. गोव्यातलं एकही शहर तेवढं नाही. म्हणून खेड्यातल्या माणसाला जो प्रश्न उभं राहून विचारता येतो, तो शहरातल्या माणसाला नगरसेवकाच्या तोंडून वदवून घ्यावा लागतो. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नागरी दारिद्र्य निर्मूलन हा पालिकांचाच विषय आहे. पण पैसा केंद्र आणि सुडाकडून येतो, अहवाल वरच जातो, पालिका मंडळापुढे तो विषय म्हणून येतच नाही.

आता तुमच्या कामाचं. पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवता किंवा हलवता येत नाही. कलम ३ वाचा. हलवायचंच झालं तर तीस दिवसांची नोटीस. सर्वेक्षण किमान पाच वर्षांतून एकदा, आणि ते करायचं नगर विक्रेता समितीने. त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश बायका. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तर असंही आहे की पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. आजी कधीपासून बसायची?

अबोलीची_फाती:
आई लहान असताना आजीबरोबर बाजारात यायची. आई आता साठीची. आईकडे प्रमाणपत्र नाही. सर्वेक्षणाला कोणी आलेलं आठवत नाही म्हणते.

वकील नव्हे पण ओळखीच्या एकांना विचारलं, ते म्हणाले पायऱ्या मार्केटचाच भाग, कायदा लागणार नाही.

खाजनबांध:
वाद घालता येईल असा मुद्दा आहे, मान्य. पण व्याख्येत रस्ता, फुटपाथ आणि इतर कुठलीही सार्वजनिक जागा असं आहे. फुटपाथवर पाटी आहे हे तुम्हीच लिहिलंय.

परत_एकदा:
कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. टाळेबंदीनंतर आईने पीएम स्वनिधीचं दहा हजारांचं कर्ज घेतलं होतं का?

अबोलीची_फाती:
हो. फेडलं पण. गटातल्या बाईंनीच अर्ज भरून दिला होता. का?

परत_एकदा:
मग तुमचा पुरावा पालिकेच्याच दप्तरात आहे. २०२० ची ती योजना पथविक्रेत्यांसाठीच होती. प्रमाणपत्र नव्हतं, सर्वेक्षणातही नाव नव्हतं, तर कर्ज मिळायला पालिकेचं किंवा विक्रेता समितीचं शिफारसपत्र लागायचं. म्हणजे ही बाई इथे विक्री करते असं पालिकेने स्वतः लिहून दिलंय. आजूबाजूच्या गावांतून शहरात येऊन विकणाऱ्यांनाही त्याच योजनेत शिफारसपत्रावर घेतलं होतं, म्हणजे सत्तरीच्या बायकांपैकीही काही असतील. घरी कागद शोधा. नसेल तर बँकेकडे असेल. मी बँकेत ह्या अर्जांच्या खिडकीवरच बसायचो.

कुळागर:
हे जबरदस्त आहे. एका फाइलमध्ये ती कर्ज फेडणारी विक्रेती, दुसऱ्या फाइलमध्ये ती नकाशातही नाही. आणि दोन्ही फाइली एकाच इमारतीत.

माहितीचा_हक्क१०:
म्हणूनच म्हणत होतो माहिती अधिकार वापरा. शिफारसपत्रं किती दिली, त्यांची यादी मागा.

रापणकार:
मागा, पण समांतर. आत्ता मुख्याधिकाऱ्यांच्या नावे निवेदन द्या आणि प्रत प्रत्येक नगरसेवकाला. फक्त तुमच्या प्रभागाच्या नको, सर्वांना. ‘बघूया’ म्हणणाऱ्याच्या समोर बसणारा विरोधी गटाचा कोणी असतोच.

पसरकार_मुलगा:
यादी शिफारसपत्रांवरून होणार असेल तर मी आमच्या व्यापारी मंडळींना सांगून बघतो. नावं कागदावर असतील तर आमचीही कटकट कमी. पायऱ्या मात्र मोकळ्या हव्यात, हे माझं म्हणणं कायम.

अबोलीची_फाती:
शिफारसपत्र मिळालं. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये होतं, पालिकेच्या शिक्क्यासकट. आणखी तिघींकडे आहे. मसुदा केला आहे, बघा:

“बाजार नूतनीकरणाच्या ठरावास मंजुरी देण्यापूर्वी नगर विक्रेता समितीचा अभिप्राय व विक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची यादी मंडळासमोर ठेवावी. पालिकेने स्वनिधी योजनेखाली शिफारस केलेल्या सर्व विक्रेत्यांचा त्या यादीत समावेश करावा. तळमजल्यावर त्यांच्या जागा नकाशात दाखवून, तात्पुरत्या स्थलांतराची जागा व मुदत ठरावातच नमूद करावी. तसेच मागील पाच वर्षांत बचतगट व पथविक्रेते यांच्यासाठी आलेल्या निधीचा व त्याच्या परिणामाचा अहवाल याच बैठकीत मांडावा.”

खाजनबांध:
शेवटचं वाक्य वेगळं काढा. निधीचा अहवाल एका आठवड्यात तयार होत नाही, मुख्याधिकारी तेच कारण पुढे करून अख्खं निवेदन बाजूला ठेवतील. ‘पुढील बैठकीत’ असं लिहा, आणि ‘परिणाम’ म्हणजे काय ते सांगा: किती गट आजही चालू आहेत, किती जणींनी दुसरं कर्ज उचललं, कर्ज घेतलेल्यांपैकी किती जणी आजही त्याच जागेवर बसतात. शिफारसपत्राची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत कोणालाही देऊ नका. जुन्यातली जुनी सोपोची पावती आणि अलीकडची, दोन्हींची झेरॉक्स सोबत. एकट्या आईची सही नको, ओळीतल्या सगळ्यांची घ्या, अंगठा असेल तर अंगठा. आणि निवेदन टेबलावर ठेवून येऊ नका. आवक विभागात द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सांतेरी:
सह्या घेताना प्रत्येकीला मजकूर वाचून दाखवा, ताई. गटाच्या नावाखाली आमच्याकडे कशावरही सही घ्यायचे.

अबोलीची_फाती:
वाक्य वेगळं काढलं. उद्या सकाळी पायऱ्यांवरच वाचून दाखवते आणि सह्या घेते. एकच राहिलं: सत्तरीच्या बायका आता बाजारात नाहीत, चवथीलाच येतील. त्यांची नावं आत्ता कशी घालायची?

परत_एकदा:
कायद्यातल्या व्याख्येतच फिरते आणि तात्पुरत्या मांडणीवर विकणारे विक्रेते येतात. ‘सणापुरत्या येणाऱ्या माटोळी विक्रेत्यांचे सर्वेक्षण चतुर्थीच्या बाजारात स्वतंत्रपणे करावे’ अशी एक ओळ घाला. नावं नंतर येतील, जागा आत्ता राखून ठेवायला लावा.