अनुभव धागा: रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड झोपायच्या खोलीत येतो, त्याचं काय करता?

सोडियमचे पिवळे दिवे गेले, गल्लोगल्ली पांढरे एलईडी आले. रस्ता लख्ख दिसतो, रात्री एकट्यादुकट्याला चालायला धीर येतो, हे चांगलंच झालं. पण तोच उजेड खिडकीतून थेट उशीवर येत असेल तर झोपेचं खोबरं होतं. सातारा-सांगलीकडच्या जाणकारांनी इथे लिहावं. मोजमाप, साहित्य, करायची रीत, कुठे फसतं आणि का, हे सगळं हवं. वर व्यवसाय आणि गाव टाका. 'जाड पडदा लावा' एवढ्यावर थांबू नका, तो सगळ्यांनी लावून झालाय.

वायरिंग व दिवाबत्ती, विश्रामबाग (सांगली)

आधी दिवा आणि खिडकी यांची उंची बघा. खर्च त्यावर ठरतो. गल्लीतला दिवा साधारण ७ ते ९ मीटरवर असतो. तळमजल्यावर उजेड तिरका खाली उतरतो आणि फरशीवर पडतो. दुसऱ्या मजल्यावर दिवा जवळपास खिडकीच्या पातळीत येतो, म्हणून उजेड आडवा घुसून समोरच्या भिंतीवर आदळतो. त्याहून वर गेलात की उजेड खालून येतो आणि छतावर पडतो.

छज्जा किती सावली देईल त्याचा हिशोब सोपा आहे. दिव्याच्या उंचीतून खिडकीच्या वरच्या कडेची उंची वजा करा, त्याला दिव्यापासून छज्जाच्या बाहेरच्या कडेपर्यंतच्या आडव्या अंतराने (दिवा-भिंत अंतर वजा छज्जा) भागा, आलेल्या आकड्याने छज्जाची लांबी गुणा. दिवा ८ मीटरवर, भिंतीपासून ६ मीटर लांब, आणि तळमजल्याच्या खिडकीची वरची कड २.१ मीटरवर असेल, तर २ फुटी (६० सेंमी) छज्जा वरून जवळजवळ ६६ सेंमी काच झाकतो. तोच छज्जा पहिल्या मजल्यावर, कड ५.१ मीटरवर धरली, तर फक्त ३२ सेंमी झाकतो. दुसऱ्या मजल्यावर त्याचा उपयोग शून्य. तिथे छज्जा वाढवून घ्यायला कोणी सांगत असेल तर पैसे घालवू नका.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर मात्र खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकला तरी बरंच काम होतं. वरचा अर्धा उघडा ठेवून वारा घेता येतो.

बांधकाम देखरेख, मंगळवार पेठ (सातारा)

वरचा हिशोब सपाट गल्लीला बरोबर आहे. आपल्याकडे पेठा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहेत, त्यामुळे मजला मोजून भागत नाही. खालच्या गल्लीतला दिवा वरच्या गल्लीतल्या तळमजल्याच्या बरोबर समोर येतो. दिव्याची उंची आपल्या जोत्यापासून धरायची, रस्त्यापासून नाही. रात्री अंथरुणावर पडून बघा, दिव्याची काच थेट दिसते का? दिसत असेल तर ती रेघ कुठेतरी तोडायला हवी. दिसत नसेल आणि खोली तरी उजळत असेल, तर समोरची पांढरी भिंत किंवा आपलंच छत उजेड परतवतंय.

पलंग फिरवणं हा बिनखर्चाचा उपाय लोक विसरतात. उशी खिडकीच्या भिंतीला लावली की दिवा डोक्यामागे जातो. खिडकी उत्तरेला असेल तर तिकडे डोकं करून झोपायला घरातली मोठी माणसं तयार नसतात, ती अडचण खरी. अशा वेळी पलंग खिडकीच्या भिंतीलगत आडवा सरकवा, उजेड अंगावरून पलीकडे जातो.

पडदे व शिवणकाम, शाहूपुरी (सातारा)

पडदा कापडामुळे क्वचितच फसतो. तो फसतो कडांना. दुकानातलं चांगलं ब्लॅकआउट कापड आणून खिडकीएवढंच शिवलं, तर चारी बाजूंनी उजेडाची चौकट दिसते आणि अंधारात तीच डोळ्यांत खुपते.

४ फूट बाय ४ फूट खिडकीचं माप सांगते. रॉड दोन्ही बाजूंना ८-८ इंच जास्त, म्हणजे ६४ इंच. खिडकीच्या ६ इंच वर लावा. पडदा खाली चौकटीच्या ८ इंच खाली यायला हवा. चुण्यांसाठी रॉडच्या दुप्पट रुंदी, म्हणजे १२८ इंच. कापडाचा पन्हा ५४ इंच असेल तर तीन पन्हे लागतात. उंची ४८ अधिक ६ अधिक ८, आणि वर-खाली दुमडीला मिळून ८ इंच, म्हणजे ७० इंच. सगळं मिळून साडेपाच मीटर कापड घ्या. दोन पन्ह्यांत बसवायचा आग्रह धरला की चुण्या ताणल्या जातात आणि मधली फट उघडी पडते.

रिंगांचा पडदा दिसायला छान, पण अंधारासाठी वाईट. रॉड कापडाच्या आत-बाहेर जातो, तिथे भोकं राहतात, आणि लाटांमुळे कापड भिंतीपासून सुटतं. मागून लूप शिवलेला पडदा घ्या. वरून ५-६ इंच खोलीची पेल्मेटची (रॉड झाकणारी) पेटी बसवा आणि तिची वरची बाजूही फळीने बंद करा. नुसती समोरची पट्टी लावली तर उजेड वरून छतावर सांडतो.

बाजूची कड भिंतीकडे वळवायची. रॉडच्या ब्रॅकेटजवळ भिंतीत एक छोटा हुक आणि पडद्याच्या बाहेरच्या कडेला एक कडी, एवढंच पुरतं. मधे दोन पाखं ४ इंच एकमेकांवर आली पाहिजेत.

आता अस्तर. लेप दिलेल्या कापडातून सुई गेली की तिथे भोक राहतं. अस्तर मुख्य कापडाला उभं-आडवं टिपलं तर रात्री प्रत्येक टीप उजेडाच्या ठिपक्यांची रांग होऊन दिसते. म्हणून अस्तर वरच्या दुमडीत आणि बाजूंना शिवा, खाली सुटं सोडा. कापड घेताना मोबाईलची बॅटरी मागे टेकवून बघा. नुसता सावळा डाग दिसला तर ठीक, दिव्याचा आकार दिसला तर नको. लेपाची पांढरी बाजू बाहेर ठेवली की दुपारचं ऊनही परततं.

धुताना गार पाणी, पिळायचं नाही, लेपाकडून इस्त्री फिरवायची नाही. साताऱ्याच्या पावसात ओलसर घडी घालून ठेवला तर लेप लेपाला चिकटतो, सोडवताना सोलपटं निघतात आणि काळे ठिपके धरतात. रॉडवर पसरूनच वाळवा.

ॲल्युमिनियम खिडक्या व काच, कुपवाड

दूधकाचेने उजेड कमी होतो हा मोठा गैरसमज आहे. ती उजेड पसरवते. आधी दिवा एका ठिकाणी दिसत होता, आता अख्खी काच चमकते. अडते ती नजर, उजेड नाही.

आरशासारख्या फिल्मबद्दल रोज विचारणा होते. दिवसा ती चालते, कारण बाहेर उजेड जास्त असतो. रात्री खोलीत दिवा लावला की बाहेरच्याला आतलं दिसतं. अंधारासाठी फिल्म घ्यायचीच तर किती टक्के उजेड आत सोडते ते विचारा. ५ टक्केवाली घ्या. तिच्यातूनही दिव्याचा ठिपका दिसतो, म्हणून फिल्मसोबत पडदा लागतोच. लावताना काच ब्लेडने खरवडून साफ करा, पाण्यात शाम्पूचे दोन-चार थेंब टाकून फवारा, मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी काढा. पंखा बंद ठेवा, धुळीचा एक कण अडकला तरी तिथे फुगा राहतो.

पश्चिमेच्या काचेवर आतून काळा कागद किंवा चांदीची फॉइल कायमची चिकटवू नका. उन्हात झाकलेला भाग तापतो, चौकटीतली कड गार राहते. कडेला आधीच टवका असेल तर काच तडकते. सांगलीच्या उन्हाळ्यात हे नेहमी घडतं. झाकायचंच तर काचेपासून अंतर ठेवून झाका, संध्याकाळी लावा, सकाळी काढा.

खिडकी आवरली की वरचा व्हेंटिलेटर, एसीच्या पाइपचं भोक आणि दाराखालची फट बघा. पुष्कळ घरांत उरलेला उजेड तिथूनच येत असतो.

शेडनेट व शेती साहित्य, तासगाव

पडदा गच्च केला की वारा बंद, हे एप्रिल-मे महिन्यात परवडत नाही. आमच्याकडे बेदाण्याच्या शेडला बाजूंनी शेडनेट लावतात. तेच कापड खिडकीच्या ग्रिलला बाहेरून लावा. ५०, ७५ आणि ९० टक्के अशी मिळते. ९० टक्क्यांची एक पदर उजेड साधारण दहाव्या हिश्श्यावर आणते. ७५ टक्क्यांचे दोन पदर थोड्या अंतराने लावले तर सोळावा हिस्सा उरतो आणि हवाही खेळते. काळी घ्या. हिरवीचे धागे दिव्याने उजळून दिसतात. ग्रिलपेक्षा चारी बाजूंना ६ इंच मोठी कापा, कड दुहेरी दुमडून दर ६ इंचांवर केबल टाय बांधा. ढिली राहिली तर वाऱ्यात फडफडते आणि चिरते. महिन्यातून एकदा पाण्याने झटका, धूळ बसली की वारा अडतो.

सुतारकाम, वाई

जुन्या वाड्यांच्या फळीच्या झडपा काढून टाकू नका. खिडकीला दोन पाखी लाकडी दारं असतील तर पडद्यावर खर्च करायची गरजच नाही. लाकूड आक्रसून मधे फट पडली असेल तर एका पाखीला अर्धा इंची पट्टी अशी ठोका की दुसरी तिच्यावर चढेल. तळाशी ब्रशची पट्टी लावा. नव्या घरात ६ मिमी प्लायचा काढता-घालता फळा करता येतो. चौकटीच्या आतल्या मापापेक्षा ३ मिमी कमी कापा, कडेला फोमची पट्टी, मधे मूठ. पावसाळ्यात फुगू नये म्हणून कडांना आधी प्रायमर द्या.

आरोग्यसेवा, मिरज

पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड फार तर ०.३ लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास असतो. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शनात मध्यम उजेडाच्या वस्तीसाठी घराच्या खिडकीवर रात्री उशिरा २ लक्सची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे तो कायदा नाही, पण तक्रारीत आकडा म्हणून उपयोगी पडतो. मोजायचं तर लक्स मीटर काचेला समांतर, तोंड बाहेर करून धरा. मोबाईलची ॲप इतक्या कमी उजेडात भरवशाची नसतात.

शरीराचं घड्याळ चालवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. सोडियमच्या दिव्यात तो भाग फारच थोडा होता, पांढऱ्या एलईडीत बराच आहे. तेवढ्याच तीव्रतेचा नवा दिवा जास्त का जाणवतो, त्याचं हे एक कारण आहे.

लहान मुलाच्या खोलीत पट्टीच्या पडद्याची दोरी पाळण्याजवळ लोंबू देऊ नका. गळ्याला फास बसतो. दोरी दीड मीटरच्या वर गुंडाळून ठेवा.

रात्रपाळीतली परिचारिका, सांगली

दिवसा झोपणाऱ्यांना पडद्याइतकाच डोळ्यांवरचा पट्टा लागतो. मधे डोळ्यांसाठी खोलगट जागा असलेला घ्या, सपाट पट्टा पापण्यांवर दाब देतो. नाकाजवळची फट आधी तपासा, उजेड तिथूनच येतो. सुती कापड रोज धुता येतं.

सोसायटी व्यवस्थापन, गावभाग (सांगली)

मूळ दिव्याकडे वळू या, कारण वरचे सगळे उपाय आपल्या खिशातून आहेत. महापालिका हद्दीत विद्युत विभाग, साताऱ्यात नगरपरिषद, गावात ग्रामपंचायत. खांब पुष्कळदा महावितरणचा असतो, पण दिव्याची देखभाल स्थानिक संस्थेची. चुकीच्या कचेरीत अर्ज गेला की आठवडे जातात.

'दिवा बंद करा' असं लिहू नका. शेजारी विरोध करतील आणि त्यांचं बरोबरच असेल. अर्जात खांबावर रंगवलेला क्रमांक, आपला मजला आणि खिडकीपासूनचं अंतर लिहा. मग या क्रमाने मागा. पहिलं, दिवा सरळ जमिनीकडे करून द्यावा. आधाराचा पाइप अनेकदा वर वाकलेला असतो, त्यामुळे सपाट काच वरच्या मजल्याकडे बघते. दुसरं, घराच्या बाजूला काळ्या पत्र्याचा आडोसा. दिव्याच्या मागच्या पात्या त्यात झाकल्या जाऊ नयेत, गरम होऊन दिवा लवकर जातो. तिसरं, कमी वॉटचा, ३००० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर दिवा. शक्य असेल तर रस्त्यावरच्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. काहीच हललं नाही तर माहितीचा अधिकार, २००५ खाली अर्जावर काय कार्यवाही झाली ते मागा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

स्वतः खांबावर चढणं, दिव्याला पोतं बांधणं किंवा काचेवर रंग मारणं साफ टाळा. वर जिवंत तारा असतात.

तेच वायरिंगवाले, विश्रामबाग

वरच्या सोसायटीवाल्या दादांना जोडून एक. पुष्कळदा तक्रारीतला दिवा महापालिकेचा नसतोच, शेजारच्या बंगल्याचा किंवा सोसायटीच्या पार्किंगचा फ्लडलाइट असतो. त्याला अर्ज नको, शेजाऱ्याशी बोला आणि सोबत उपाय घेऊन जा: फ्लडलाइट इतका खाली वाकवा की त्याची काच जमिनीला समांतर होईल, हालचालीवर लागणारा सेन्सर बसवा, वेळ दोन मिनिटांवर ठेवा. सेन्सर कुत्र्या-मांजरांनी सारखा लागत असेल तर त्याची नजर थोडी वर करा आणि संवेदनशीलतेचा खटका कमी करा. दिवा उबदार पिवळा घेतला तर किडेही कमी जमतात, म्हणून शेजारी सहसा नाही म्हणत नाहीत.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी, कराड

भिंतीला भोक पाडता येत नसेल तर स्प्रिंगचा ताणरॉड चौकटीच्या आत बसवा. ४ फुटांपर्यंत तो जड पडदा पेलतो, त्याहून रुंद खिडकीत मधे झुकतो. चौकटीला वेल्क्रोची खरखरीत बाजू चिकटवा, मऊ बाजू कापडाला शिवा. चिकटवण्याआधी ॲल्युमिनियम स्पिरिटने पुसा, नाहीतर पहिल्याच उन्हात पट्टी सुटते. सोडताना केसांच्या ड्रायरने गरम करा, गोंद मागे फारसा राहत नाही.