सॅन अँड्रियास: ५० पैकी ४८ ऑयस्टर मिळाले, उरलेले २ कसे शोधायचे?

मंडळी, मदत हवी आहे. गेम जीटीए सॅन अँड्रियास, पीसीची जुनी आवृत्ती, मॉड (बाहेरून टाकलेले बदल) एकही नाही. गेममध्ये लपवलेल्या वस्तूंपैकी टॅग (भिंतीवरची रंगवलेली चिन्हं) १००, फोटो ५०, घोड्याचे नाल ५० झाले. गेम १०० टक्के पूर्ण व्हायला हे २ ऑयस्टर, म्हणजे पाण्याखाली लपवलेले शिंपलेच अडलेत. आकडेवारीत नुसता ४८ दिसतो, कोणत्या भागातले राहिले ते गेम सांगत नाही.

५० ठिपक्यांचा नकाशा घेऊन तिन्ही शहरांचे किनारे, धक्के, पुलांचे खांब पाहिले. लास व्हेंचुरासमधल्या पायरेट्स इन मेन्स पँट्स कसिनोचं तळंही. पाण्याखाली श्वास धरायची दमाची पट्टी पूर्ण भरलेली आहे, तो सल्ला नको. रात्री तळाशी काही उमगत नाही, म्हणून सेव्ह करून गेममधलं घड्याळ ६ तास पुढे ढकलतो अन् दुपारीच बुडी मारतो. तरी शिंपला अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. खोल जागी पाण्याच्या वरूनच पोहलं की सुटतोच.

यवतमाळकडच्या खेड्यात नेट रडतं, तासाभराचे व्हिडिओ चालत नाहीत. लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं पाण्यात.

सेव्ह फाइल वाचून राहिलेली जागा दाखवणारं, ऑफलाइन चालणारं टूल कोणाले माहीत आहे का? नसेल तर हमखास सुटणारे ऑयस्टर कोणते, अन् जवळच्या पुलापासून वा धक्क्यापासून नेमके कुठे?